मयताचा लाभांश

१

घनश्याम निकुरे यांना जाऊन साडेतीन महिने झाले होते, तेव्हा त्यांनी बायकोचं बोलणं ऐकलं.

बारा जुलैची दुपार होती. कोसंबटोल्यात धानाची रोवणी सुरू होती, त्यामुळे सगळं गाव चिखलात उतरलेलं. घरोघर कड्या लावलेल्या. वच्छलाबाई एकट्याच ओसरीत लाखोळीची डाळ निवडत बसल्या होत्या. मोबाइल सुपाशेजारी पडला होता.

नवऱ्याशी बोलायची सवय त्यांना जून निम्मा सरल्यावर लागली. व्हॉट्सअॅपवर आवाज कसा पाठवायचा हे लेकीनं शिकवलं होतं: माईकचं बटण दाबून धरायचं, बोलायचं, सोडायचं. लेकीला काही सांगताना एकदा चुकून बोट वरच्या नावावर पडलं. मग त्यांनी ते उचललंच नाही. तलावाला किती पाणी आलं, कोणाकडे कोणाची सोयरीक जमली, रात्री झोप कशी येत नाही, सगळं त्या घनश्यामरावांना सांगू लागल्या. एकेचाळीस निरोप झाले होते. प्रत्येकापुढे एकच राखाडी खूण. एक खूण म्हणजे आपल्याकडून गेलं, तिकडे पोचलं नाही, हे त्यांना ठाऊक होतं. पोचायला तिकडचा फोन सुरू हवा, आणि तो फोन मार्चमध्ये, अस्वलानं घनश्यामरावांना मोहाच्या झाडाखाली फाडलं त्या दिवशी, जंगलातच हरवला होता.

त्या दुपारी त्यांनी फोन उचलला आणि पाहिलं, तर प्रत्येक निरोपापुढे दोन खुणा होत्या.

त्यांना वाटलं, डोळ्यांना भास होतोय. मग पहिल्या निरोपाजवळचा छोटा माईक निळा झाला. म्हणजे कोणीतरी तो ऐकला होता. थोड्या वेळानं दुसरा निळा झाला. मग तिसरा. चौथ्या निरोपात त्या काहीच बोलल्या नव्हत्या, दीड मिनिट नुसत्या रडल्या होत्या. तो निळा झाल्यावर पाचवा निळा व्हायला दीड मिनिट लागलं.

घाईनं पुढं न सरकवता, पुरतं ऐकत होतं कोणीतरी.

नवऱ्याच्या नावाखाली 'ऑनलाइन' असं दिसत होतं. वच्छलाबाईंच्या मांडीवरचं सूप कलंडलं, डाळ ओसरीभर झाली.

"अजी," त्या फोनकडे बघत म्हणाल्या, "कुठी आहा तुमी?"

नावाखालचा शब्द नाहीसा झाला.

२

भाग्यश्री बोरकुटे सप्टेंबरात गावात आली. चंद्रपूरला एका दवाखान्याच्या माडीवर तिचं एका खोलीचं ऑफिस होतं. मेलेल्या माणसांचे शेअर शोधायचे आणि वारसांच्या नावावर करून द्यायचे, हा तिचा धंदा. कोणाचे कागद पेटीत सडलेले असत, कोणाचं वारस म्हणून नावच लावलेलं नसे. 'मयत' हा शब्द ती दिवसातून पन्नास वेळा लिहायची, पण तोंडानं उच्चारताना अजूनही आवाज खाली आणायची.

वच्छलाबाईंच्या लेकीनं तिला नागपूरहून फोन केला होता. "बाबांच्या शेअरचे पैसे जुलैपासून यायला पाहिजे होते. एकही आला नाही. आणि आई म्हणते, बाबा तिचं ऐकतात. तुम्हाला आधी काय बघावंसं वाटेल ते बघा."

भाग्यश्रीनं आधी चहा घेतला. मग विचारलं, "काका काय करत होते?"

"आलापल्लीले लाकडाच्या एका व्यापाऱ्याकडं कारकून होते, जी. सागवानाचा हिशोब लिहत. पीएफची पेन्शन म्हंजे दोन हजार रुपये. घर चालत होतं ते डिव्हिडंडवर. कंपनीले नफा झाला का त्यातला वाटा आपल्याले येते न, थो. तेवीस कंपन्या होत्या ह्याइच्या. वर्षाचे लाखाच्या थोडे खाली येत. जुलै ते सप्टेंबर मोठा हंगाम."

"यंदा हिवाळ्यापासून बाजार खूप पडला होता. विकावंसं नाही वाटलं त्यांना?"

"सारे इकून मोकळे झाले. हे हासत. म्हनत, भाव पडला म्हून काय झालं? मोहाचं झाड कोनी तोडते का? फुलं वेचाची अन् घरी याचं." वच्छलाबाईंनी चहाचा रिकामा कप उचलून बाजूला ठेवला. "करोनात दोन कंपन्यांनी काहीच देल्लं नव्हतं. तवाबी नाई इकले. बाकीच्या एकवीसनं घर सांभाळलं."

घनश्यामरावांचा मृत्यू अठ्ठावीस मार्चचा. पहाटे ते मोह वेचायला एकटेच गेले. वच्छलाबाई तेव्हा नागपूरला लेकीकडे होत्या. आदल्या संध्याकाळपासून त्या फोन लावत होत्या, पण तो बंद लागत होता. जंगलात रेंज नसते, असं त्यांनी मनाला समजावलं.

"आदल्या संध्याकाळी काका जंगलात होते?"

"नाई. घरीच होते," असं म्हणून वच्छलाबाई जरा गोंधळल्या. हा विचार त्यांनी आजवर केला नव्हता.

भाग्यश्रीनं फोन हातात घेऊन निरोप पाहिले. जुने सगळे निळे. मधल्या काळात नवे गेले होते, तेही निळे. वच्छलाबाईंना दिवस पाठ होते: बारा जुलै, एक ऑगस्ट, आणि पोळ्याचा आदला दिवस. तीनदा फोन सुरू झाला होता, अर्धा-पाऊण तास, आणि पुन्हा बंद.

"तुमी म्हनान, बाई पागल झाली," वच्छलाबाई म्हणाल्या. "पन हे नुसते ऐकत नाई, करतेत. माहा गुडघा सुजला होता. लेकीले नाई सांगतलं, थे घाबरते. ह्याइलेच सांगतलं. दोन दिवसांनी रीता निर्गुडीचं तेल घेऊन आली. बँकमित्र आहे थे आमच्या गावची, मशीन घेऊन घरी येते, अंगठा लावून खात्यात काय आलं थे सांगते. म्हने, आईसाठी केलं होतं, उरलं."

"आणखी?"

"मांगच्या खोलीचे कवेलू सरकले, पानी गळून राह्यलं होतं. ह्याइले म्हनली, आता कोनाले हात जोडू? तं आमचा पुतन्या मिथुन कवेलू घेऊन हजर. मी बोलावलंबी नाई. अन् तिसरं आयका. ह्याइचा पेपर मी बंद केला होता. एक दिवस बोलली, सकाळी पेपर उघडाचा आवाज येत नाई, घर मुकं झालं. तं निकेशभाऊ रोज पेपर टाकाले लागला. ज्याच्याशी ह्याइचं मरनाच्या दोन दिवस आधी भांडन झालं होतं, थो निकेश!" त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "सांगा आता. कोन ऐकून राह्यलं?"

भाग्यश्रीच्या अंगावर भर दुपारी काटा आला. तिनं भिंतीकडे पाहिलं. फोटोत घनश्यामराव प्लास्टिकच्या खुर्चीत ताठ बसले होते.

"फेब्रुवारीतला आहे," वच्छलाबाई म्हणाल्या. "हयातीचा दाखला काढाले बसले होते. पेन्शनवाल्याइले आपन जिवंत आहो हे दाखवा लागते न? फोनकडं पाहून डोळे मिचकावाचे, मान फिरवाची. नोव्हेंबरात एकदा झालंच होतं, फेब्रुवारीत पुन्हा झालं. त्या खेपी तं गालापाशी कार्ड धरून बसले होते. मले हासू आलं, म्हून मीच नंतर फोटो काढला."

३

वारस म्हणून वच्छलाबाईंचं नाव लावलेलं होतं, म्हणून त्यांच्या सहीवर भाग्यश्रीला शेअर खात्याची माहिती मागवता आली. चार दिवसांनी उत्तर आलं. ती ते घेऊन थेट कोसंबटोल्याला आली, पण दारात गाडी लावल्यावर बराच वेळ उतरलीच नाही.

शेअर सगळे जागच्या जागी होते. तेवीसच्या तेवीस कंपन्या. एकही शेअर विकला गेला नव्हता. लाभांशही वेळच्या वेळी निघाला होता. सगळ्यात मोठे तीन लाभांश निघाले ते बारा जुलैला, एक ऑगस्टला आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी. फोन जिवंत झाला तेच हे दिवस. पैसे आल्याचा संदेश बघायला कोणीतरी तो सुरू करत होतं.

फक्त ते पैसे वच्छलाबाईंच्या जोडखात्यात आले नव्हते. शेअर खात्याला जोडलेलं बँक खातंच बदललेलं होतं. नवं खातं एका ऑनलाइन बँकेतलं, फेब्रुवारीत उघडलेलं. खातेदाराचं नाव: घनश्याम निकुरे.

"म्हंजे ह्याइनंच उघडलं?" वच्छलाबाईंनी त्या नावावर बोट ठेवलं. "मले न सांगता? कोनासाठी?"

त्यांच्या मनात काय आलं ते भाग्यश्रीला दिसलं. पस्तीस वर्षांच्या संसारात कधी न आलेला विचार आता ओसरीत येऊन उभा राहिला होता.

"थांबा काकू. आणखी एक ओळ आहे." तिनं कागद पुढे केला. "खातं बदलताना काकांच्या मोबाइलवर एक आकडा येतो. तो आकडा भरला तरच बदल होतो. तो भरलाय अठ्ठावीस मार्चला. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी."

अठ्ठावीस मार्चला अकरा वाजून दहा मिनिटांनी घनश्यामराव मोहाच्या झाडाखाली मरून पडलेले होते.

४

घनश्यामरावांना जंगलात पहिल्यांदा पाहिलं ते पोचूनं. तो ढिवर, गावतलावात जाळं टाकणारा, साठीचा माणूस. मोहाच्या झाडापर्यंत भाग्यश्रीला तोच घेऊन गेला, पण पंधरा पावलं अलीकडेच थांबला. ऊन होतं, पाखरं बोलत होती, तरी ती जागा अशी होती की माणूस आपोआप हळू बोलतो.

"जाळं घेऊन पल्याडच्या बोडीवर, लहान्या तलावावर, जाऊन राह्यलो होतो," तो म्हणाला. "बारा वाजून गेले असतीन. आधी टोपली दिसली. मोहानं भरलेली, जशीच्या तशी. मंग हे दिसले."

"तेव्हा जिवंत होते?"

"नाई. पन अंग पुरं थंड नव्हतं झालं." पोचूनं आपल्या मांडीवर हात ठेवून दाखवलं. "त्याइनं मांडीले गमछा बांधला होता. दोन गाठी मारल्या होत्या. झाडापासून इथपर्यंत सरकत आले होते, मातीत तशी लकीर होती. पट्कन मेलेला मानूस हे करत नाई, बाई. डाक्टरबी म्हनला, दोन-तीन तास जीव होता."

"पोलिसांना हे सांगितलं?"

"सांगतलं. अस्वलाची केस, कोन काय लिहते?" मग तो स्वतःहूनच म्हणाला, "लोक म्हनते पोचूनं फोन उचलला. मी कशाले उचलू? त्याइचा उजवा हात सदऱ्याच्या खिशात होता, जी. आत. बोटं आत अडकून होती. मीच काढला थो हात. खिसा खाली होता."

भाग्यश्रीनं वळून गावाच्या दिशेनं पाहिलं. मग तिनं विचारलं, "तुम्ही गावात कसं कळवलं?"

"फोन लावला न पोलीस पाटलाले. इथूनच."

तिनं आपला मोबाइल काढून पाहिला. रेंजच्या सगळ्या रेघा भरलेल्या होत्या. झाडांच्या वरून, गावाच्या बाजूला, टॉवरचं लाल-पांढरं टोक स्पष्ट दिसत होतं.

घनश्यामराव दोन-तीन तास टॉवरच्या समोर पडून होते. एक फोन लागला असता तर गाव वीस मिनिटांत पोचलं असतं. त्यांनी खिशात हात घातला, आणि फोन नव्हता. तो पडला नव्हता, कोणी उचललाही नव्हता. त्या सकाळी तो जंगलात आलाच नव्हता.

आदल्या संध्याकाळपासूनच तो दुसऱ्या कोणाकडे होता.

५

मिथुनचं ऑनलाइन कामांचं दुकान नागभीडला, स्टेशनच्या रस्त्यावर. भाग्यश्रीनं नाव सांगताच त्यानं समोरच्या गिऱ्हाइकाला उद्या यायला सांगितलं.

"काकाचं शेअर खातं मीच उघडून देल्लं," तो म्हणाला. "पासवर्ड मले मालूम. म्हून चोर मीच, हो न? घ्या लिहून."

"मी पोलीस नाही. मला एवढंच सांगा, फेब्रुवारीत काकांचा हयातीचा दाखला तुम्ही काढला?"

"नोव्हेंबरात काढला. एकदा काढला का वर्षभर चालते. फेब्रुवारीत कशाले काढन?"

"त्याला पॅन कार्ड लागतं?"

"काऊन लागन? आधार लागते. चेहरा नाई तं बोट दाखवाचं, बस."

भाग्यश्रीनं मान डोलावली. तिला माहीत होतंच, तरी दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं. गालाशी पॅन कार्ड धरायला लावते ती बँक, घरबसल्या नवं खातं उघडताना. घनश्यामराव त्या दिवशी पेन्शनला नव्हे, एका बँकेला तोंड दाखवत होते, आणि त्यांना ते माहीत नव्हतं. वच्छलाबाईंचा माणूस त्यांच्याशी खोटं वागला नव्हता. हे त्यांना आधी सांगायला हवं, असं तिच्या मनात आलं.

उठता उठता तिनं विचारलं, "काकूंचे कवेलू बदललेत तुम्ही. त्यांनी बोलावलं होतं?"

"थे कायची बोलावते? रीता आली होती दुकानात, थे म्हनली, काकूच्या मांगच्या खोलीत गळते, जाऊन ये. मले लाज वाटली. घरचा असून मले मालूम नाई."

निकेशचं दुकान खताचं. तो चाळिशीचा, पण डोळ्यांखाली काळं आलेलं. सव्वीस मार्चच्या भांडणाचं त्यानं लपवलं नाही.

"ऑप्शनमधी खेळलो मी, म्हंजे शेअरचा भाव चढन का पडन यावर पैसे लावाचे. आज इतके, उद्या तितके, अशे करत दोन एकर गेले. घनश्यामभाऊकडं गेलो. म्हनलो, बजार आणखी पडन, तुमचे इका, मले द्या, दुप्पट करून देतो. त्याइनं मले घराबाहेर काढलं. पायरीवरून ओरडले, पेरनीचा धान खाऊन घेतला तुनं, आता माहा मांगतं?" तो कडवट हसला. "खरं बोलले. पन मले राग आला. मीबी लय बोललो. तिसऱ्या दिवशी मानूसच नाई. माफी कोनाले मांगू?"

"म्हणून पेपर टाकता रोज?"

"थे माह्या डोक्यात आलंच नसतं. रीता म्हनली. म्हने, काकूले सकाळी पेपरचा आवाज पाहिजे, तुमी टाकत जा, पैसे मी देते. मी पैसे नाई घेतले." त्यानं वर पाहिलं. "काऊन? काय झालं?"

भाग्यश्री दुकानाच्या फळीला धरून उभी होती. पेपरचा आवाज. हे शब्द वच्छलाबाईंनी एकाच माणसाजवळ काढले होते, आणि तो मेलेला होता.

६

"फेब्रुवारीत काकांसमोर फोन कोणी धरला होता?"

वच्छलाबाईंनी फोटोकडे पाहिलं. भाग्यश्रीनं पॅन कार्डाचं सांगितलं होतं, मिथुनचं सांगितलं होतं, निकेशचंही. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"रीतानं," त्या म्हणाल्या. "पन थे नाई करनार. लेकीवानी आहे माह्या."

"गुडघा, कवेलू, पेपर. तिन्ही गोष्टी तुम्ही फक्त काकांना सांगितल्या. वेगवेगळी तीन माणसं धावली, म्हणून तुम्हाला ते काकांचं काम वाटलं. पण तेल रीतानं आणलं, मिथुनला रीतानं धाडलं, निकेशला रीतानं सांगितलं. ज्याच्याकडे फोन, त्यानंच ऐकलं. तिच्याशिवाय कोणी नाही."

"चोराले पैशाचा मेसेज पाहाचा होता तं पाहाचा," वच्छलाबाई एकदम म्हणाल्या. "माहं बोलनं कशाले आयकाचं?"

हा प्रश्न भाग्यश्रीलाही चार दिवस टोचत होता. चोर एक नजर टाकून फोन बंद करतो. एकेचाळीस निरोप, रडण्यासकट, कोण ऐकत बसतं?

"ते तिलाच विचारावं लागेल," ती म्हणाली.

विचारायला जावं लागलं नाही. मंगळवार होता, आणि मंगळवारी रीता मशीन घेऊन यायची. पस्तिशीची, काटक, खांद्याला काळी पर्स. अंगणात परकी गाडी पाहून ती थबकली. तरी आत आली, चपला काढल्या आणि नेहमीसारखी खाली बसली.

"काकू, अंगठा लावता?"

वच्छलाबाईंनी अंगठा पुढे केला नाही. त्यांनी आपला फोन उचलला, बटण दाबून धरलं आणि रीताच्या डोळ्यांत बघत बोलल्या, "अजी, रीता आली आहे. तिले इचारू का, तुमचा फोन कुठी आहे थे?"

त्यांनी बटण सोडलं. एक राखाडी खूण उमटली.

भाग्यश्रीनं बोलायला तोंड उघडलं होतं. फेब्रुवारीतलं खातं, अकरा दहाची वेळ, टॉवर, सगळं तिच्याकडे क्रमानं तयार होतं. त्याची गरज पडली नाही. रीतानं पर्सची चेन ओढली, ओढणीच्या तुकड्यात गुंडाळलेला मोबाइल काढला आणि वच्छलाबाईंसमोर ठेवला. कोपऱ्यात काच तडकलेला. घनश्यामरावांचाच.

७

रीताचा बाप कोळसा खाणीत जमीन गेलेला. मोबदल्याचे अकरा लाख त्यानं मरताना तिच्या नावावर ठेवले होते, आईच्या म्हातारपणासाठी. गेल्या वर्षी बाजार चढता होता तेव्हा तिनं ते ऑप्शनमध्ये घातले. हिवाळ्यात बाजार कोसळला. दोन महिन्यांत सगळे गेले, आणि आईला अजूनही वाटत होतं की व्याज येतंय. दर महिन्याला तिच्या हातावर काहीतरी ठेवावं लागत होतं.

"काका माह्या समोर बसून सांगत, कोनत्या कंपनीचे किती आले," रीता म्हणाली. ती कोणाकडेच बघत नव्हती. "बजार पडो का चढो, त्याइले येतच राह्यत. मले वाटलं, एक हंगाम. एकच. मंग खातं पयल्यासारखं करून देईन. सत्तावीस तारखेले संध्याकाळी मी फोन नेला. केवायसी करा लागते म्हनली, उद्या दुपारी आनून देते. काका म्हनले, ने, सकाळी मले मोहाले जाचं आहे, तिथी फोनचं काय काम."

अकरा वाजून दहा मिनिटांनी तिनं आपल्या खोलीत बसून आकडा भरला होता. साडेबाराला रस्त्यावरून माणसं पळताना दिसली. फोन तिच्या पर्समध्ये होता.

"डाक्टर दोन-तीन तास म्हनला, थे मी आयकलं. मी तिथंच उभी होती, काकू. तुमाले धरून उभी होती."

"मंग देल्ला काऊन नाई?" वच्छलाबाईंनी विचारलं. "त्याच दिवशी?"

"देल्ला असता तं सांगा लागलं असतं, माह्यापाशी काऊन होता थे." तिनं ओढणीचा तुकडा मुठीत घेतला. "जुलैत पैशाचा मेसेज पाहाले सुरू केला. तं तुमचा आवाज. एक आयकला. मंग बंदच करता नाई आला. पैसे काढाचे असले का सुरू करत होती, अन् पैसे बाजूलेच राहात. तुमी म्हनल्या, पानी गळते. मी काय करू? काहीतरी करावं वाटे."

भाग्यश्रीनं आयुष्यात पुष्कळ चोर पाहिले होते. बनावट सह्या करणारे, मेलेल्या भावाला कागदावर जिवंत ठेवणारे. त्यातला कोणी मागे असा पुरावा ठेवून गेला नव्हता. रीतानं ते निरोप ऐकले नसते तर ती इतक्या लवकर सापडली नसती.

वच्छलाबाई रडल्या नाहीत. त्यांनी समोरचा फोन हातात घेतला. मग म्हणाल्या, "हे नाई आयकत, हे आज मले समजलं. थे सारं तूच होती." आणि उठून आत गेल्या. घनश्यामराव दुसऱ्यांदा गेले ते त्या दिवशी. दाराआडून वच्छलाबाईंचं रडणं ऐकू आलं, तेव्हा रीतानं दोन्ही कान झाकून घेतले.

पोलिसांत तक्रार झाली. चोरीचा गुन्हा लागला. फोन नेल्यामुळे जो जीव गेला, त्याला कलम नव्हतं. उरलेले पैसे बँकेनं गोठवले, आणि जे खर्च झाले होते ते रीताच्या आईनं राहती जागा गहाण टाकून भरले. जानेवारीत तेवीस कंपन्या वच्छलाबाईंच्या नावावर झाल्या. तेव्हा बाजार पुन्हा हेलकावे खात होता. लेक म्हणाली, विकून बँकेत टाक. वच्छलाबाईंनी एकही शेअर विकला नाही. फेब्रुवारीत पहिला लाभांश त्यांच्या खात्यात आला, सोळाशे आणि काही रुपये. त्यांनी तो स्वतः नागभीडला जाऊन, रांगेत उभं राहून, काउंटरवरून काढला.

नवऱ्याला निरोप पाठवणं त्यांनी सोडलं होतं. घरात दिवसभर कोणाचा आवाज नसे.

रीता जामिनावर सुटून आली. बँकेनं मशीन काढून घेतलं होतं, गावात कोणी तिच्याशी बोलत नव्हतं. होळीच्या आधी एका सकाळी ती निकुऱ्यांच्या अंगणात येऊन उभी राहिली. हातात काही नव्हतं. माफी मागायला आली होती की आणखी कशाला, हे तिलाही सांगता आलं नसतं.

वच्छलाबाई ओसरीत होत्या. त्यांनी तिला ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. उन्हात तिची सावली पायाशी गोळा होईपर्यंत त्या तशाच बसून राहिल्या.

मग त्यांनी बोटानं समोरची जागा दाखवली.

"बस," त्या म्हणाल्या. "दोन-तीन तास म्हंजे किती असते, थे सांगते तुले. मधात उठाचं नाई. आता समोर बसून आयक."

रीता बसली.